राखणीची पाळी : कोरची ते पाचगाव

सोमवार, कुरखेडा

नागपूरहून सकाळची एसटी धरली. उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी आणि मग वैनगंगेचा पूल ओलांडून वडसा. ब्रह्मपुरीला माझी मैत्रीण चढली. ती तिथल्या शाळेत शिकवते, झाडीपट्टीतली आहे आणि गोंडीही थोडीफार समजते. एप्रिलचा पहिला आठवडा होता. भिवापूरच्या पुढे धानाच्या बांध्या मोकळ्या पडलेल्या, जमीन भेगाळलेली. बांधावरच्या मोहाखाली वाकून फुलं वेचणाऱ्या बाया बसच्या खिडकीतूनही दिसत होत्या.

एका प्रश्नाच्या मागे लागून मी निघाले होते. पूर्व विदर्भातलं जंगल नुसतं सागाचं नाही. साग, ऐन, बीजा, धावडा, हळदू, तिवस, शिसम, रोहन, मोह, तेंदू अशी कठीण लाकडाची झाडं इथे एकमेकांत मिसळून वाढतात. या लाकडाला बाजारात मोठा पैसा आहे, पण तो ग्रामसभेला मिळत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू, तेंदूपत्ता, मोहफूल, चारोळी, डिंक, मध यांची मालकी गावाला दिली. इमारती लाकूड मात्र त्यातून वगळलं. तरीही सामूहिक वनहक्क मिळालेल्या अनेक गावांत लोक पाळीपाळीने रानात फिरतात आणि जे लाकूड विकायचा हक्क आपल्याला नाही, तेच राखतात. ते का राखतात आणि एकट्या गावाला हे झेपतं का, हे मला त्यांच्याच तोंडून ऐकायचं होतं.

वडशाहून कुरखेड्याला पोचेपर्यंत दुपार कलली. 'आम्ही आमच्या आरोग्यासाठी' या संस्थेचं काम याच गावातून चालतं. बायांचं आरोग्य, बचतगट इथपासून सुरुवात करून वनहक्काच्या दाव्यांपर्यंत पोचलेलं हे काम आहे. संध्याकाळी एका जुन्या कार्यकर्त्याच्या घरी बसलो. सत्तरीच्या आसपासचे असावेत. मी कायद्याची कलमं विचारत होते आणि ते मला झाडं सांगत होते.

"ऐनावर कोसा होते," ते म्हणाले. "आरमोरीकडचे ढिवर लोक ऐनावरच कोशाच्या अळ्या पोसतात. बैलगाडीले, नांगराले तिवस लागते. कुऱ्हाडीचा दांडा धावड्याचा. मोह तर विचारूच नका. आता सांगा, हे सारं तोडून एकटा साग लावला तर गावानं खायचं काय?"

हा प्रश्न त्यांनी हवेतून काढलेला नव्हता. राज्याचं वनविकास महामंडळ १९७४ साली स्थापन झालं. मिश्र जंगल तोडून त्या जागी सागाची लागवड करणं हा त्याच्या कामाचा मोठा भाग राहिला. कागदावर दोन्हीकडे जंगलच दिसतं. पण सागाच्या रोपवनात तेंदू नाही, चारोळीचं झाड नाही, आवळा नाही, गुरांना चारा नाही. गडचिरोलीतल्या ग्रामसभांनी या तोडीला ठिकठिकाणी विरोध केला तो यासाठीच. लाकडाच्या व्यापाऱ्याला आणि मोह वेचणाऱ्या बाईला एकाच रानात दोन वेगळी रानं दिसतात. मला सोबत न्यायचा धागा पहिल्याच संध्याकाळी सापडला.

मंगळवार, कोरची

पहाटे चारला उठलो. संस्थेच्या ओळखीतली दोन तरुण मुलं मोटारसायकली घेऊन आली होती. कुरखेड्याहून कोरचीला जाताना बेडगावचा घाट लागतो. अंधारात घाट चढताना दोन्ही बाजूंनी मोहाचा वास येत होता. गोड, जरासा आंबूस, घशात रेंगाळणारा. घाट संपल्यावर कोरची तालुका सुरू होतो. पलीकडे छत्तीसगडची सीमा फार दूर नाही.

कोरचीच्या अलीकडच्या एका गावात थांबलो. गावाचं नाव लिहू नका, असं तिथल्या बायांनी सांगितलं, म्हणून लिहीत नाही. उजाडायच्या आत त्या झाडाखाली हजर होत्या. मोहाचं फूल रात्री उशिरा गळायला लागतं आणि पहाटेपर्यंत पडत राहतं. फिकट पिवळं, रसाने भरलेलं, बोटाच्या पेराएवढं. झाडाखाली वाळका पाला पसरलेला असेल तर ते त्यात हरवतं. म्हणून पाला आधी बाजूला करावा लागतो, आणि वणवा लागतो तो इथेच. पाला झाडायला वेळ लागतो, काडी ओढायला लागत नाही. वाऱ्याने ती आग झाडाखालून सरकते आणि दुपारपर्यंत डोंगर पेटलेला असतो. एप्रिल-मे महिन्यांत गडचिरोलीच्या रानात लागणाऱ्या आगींचं हे एक मोठं कारण. दुसरं कारण तेंदूचं. पान कोवळं, मोठं यावं म्हणून झुडपांची छाटणी करतात आणि काही ठिकाणी खाली आग लावतात.

या गावाने दोन्हींवर बंदी घातली आहे. एक मावशी काटक्यांच्या खराट्याने झाडाभोवतीचा पाला ओढत होती. बुंध्यापासून सुरू करून गोल गोल बाहेर, आणि शेवटी पाल्याची एक कड तयार झाली. तिच्या आत जमीन इतकी स्वच्छ की पडलेलं फूल लगेच दिसावं. मी खराटा मागितला. झाडता झाडता कंबर भरून आली आणि झाडाचा पाव घेरही झाला नव्हता. मावशीने खराटा परत घेतला.

"आग लावली तं एका दिवसाचं काम घडीभरात होते," ती म्हणाली. "पन मंग रोपटं जळते. बीजाचं रोपटं, ऐनाचं रोपटं. आता मोठी झाडं हायेत, त्यायच्या खाली लहान काहीच नसन तं माया नातीनं कोन्या झाडाखाली बसावं?"

प्रत्येक मोहाचं झाड कुणा ना कुणा घराचं ठरलेलं असतं. सरकारी नोंदीत ते कुठेच नाही, पण गावात कुणी ते मोडत नाही. अलीकडे पहाटे रानात जायची भीती वाढली आहे. २०२१ च्या पावसाळ्यानंतर छत्तीसगडकडून रानटी हत्तींचा कळप या जिल्ह्यात आला. वडशाच्या बाजूच्या जंगलांत वाघाने माणसं मारली. त्यामुळे आता एकट्याने कुणी निघत नाही. चार-पाच जणी मिळून जातात, मधून मधून हाका देतात. आम्ही होतो तेवढ्या वेळात ती हाक कितीतरी वेळा रानातून फिरली.

उन्हं वर आल्यावर ग्रामसभेच्या घरी गेलो. एका खोलीचं घर, भिंतीवर सामूहिक वनहक्काच्या जंगलाचा हाताने रंगवलेला नकाशा. नाले, डोंगर, देवाची जागा, जाळरेषा (आग पसरू नये म्हणून मोकळे ठेवलेले पट्टे), शेजारच्या गावांच्या हद्दी. कपाटात वह्या. पाळीची वही मी बराच वेळ चाळली. रोज ठरलेल्या घरांतली माणसं रानात फिरून येतात आणि संध्याकाळी लिहितात: तारीख, कोण गेलं, कोणत्या बाजूने गेलं, काय दिसलं. बहुतेक पानांवर 'काही नाही' लिहिलेलं. मधेच एका पानावर 'सागाचा ताजा खुंट, नाल्याच्या वरच्या अंगाला, गोल चार वीत.' त्याखाली दुसऱ्या अक्षरात, 'ग्रामसभेत विचारलं. घराच्या आढ्यासाठी नेलं असं कबूल. दंड भरला.' आणखी खाली तिसरं अक्षर, 'पुढच्या वेळी आधी अर्ज द्यावा.'

ही तीन वाक्यं मी उतरवून घेतली. गावातल्याच माणसाने तोडलं, गावानेच पकडलं, गावासमोर त्याने कबूल केलं. ना पोलीस, ना खटला. आणि त्याच्या घराला आढं हवं ही गरज गावाने नाकारली नाही, पुढच्यासाठी वाट दाखवली. जंगल राखायचं म्हणजे गावच्या माणसाला जंगलाबाहेर हाकलायचं, हे शहरात बसून वाटतं. या वहीत तसं काही नव्हतं.

दुपारी कोरचीला महाग्रामसभेच्या लोकांना भेटलो. या तालुक्यातल्या नव्वदच्या आसपास ग्रामसभांनी मिळून ही महाग्रामसभा उभी केली आहे. प्रत्येक ग्रामसभा आपले प्रतिनिधी पाठवते, त्यात बाया आणि पुरुष दोघंही. कुमकोट, पडियालजोब, कोडगुल हे जुने पारंपरिक इलाके आहेत. गावागावांतले तंटे पूर्वी इलाक्यात सुटत. महाग्रामसभेने ही घडी टाकून दिली नाही, तिच्यावरच नवी बांधणी केली. आधीच्या काळात बायांचे बचतगट आणि त्यांचे परिसर संघ होते. सभेत उठून बोलायची सवय बायांना तिथून लागली. महाग्रामसभेत त्या मागे बसत नाहीत, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं. तेंदूच्या करारावर सर्वांत टोकदार प्रश्न एका तरुण बाईने विचारला: ठेकेदार आगाऊ रक्कम कधी भरणार, ती तारीख करारात का नाही?

एकट्या गावाला का झेपत नाही, याचं उत्तर या सभेत मिळालं. तेंदूपत्ता आधी सरकार लिलावात काढायचं; लोकांना मजुरी आणि नंतर बोनस मिळायचा. हक्क मिळाल्यावर ग्रामसभा स्वतः विकू लागल्या. पण ठेकेदार एकेका गावाला गाठून वेगळा भाव बोलायचा, शेजारच्या गावाने कमी घेतलं असं खोटंच सांगायचा. गावं एकत्र बसली तेव्हा हे थांबलं. २०१७ च्या हंगामात भाव खूप चढले. त्याच जुलैत जीएसटी आला, तेंदूपत्त्यावर १८ टक्के. पुढच्या वर्षी भाव कोसळले. अशा वेळी एकटं गाव हातपाय गाळतं. नव्वद गावांना निदान एकमेकांना विचारता येतं.

आणि दुसरी गोष्ट डोंगराची. झेंडेपारच्या डोंगरात लोहखनिज आहे. त्याच डोंगरावर रावपाट गंगाराम घाट हे लोकांचं देवस्थान आहे, तिथे जत्रा भरते. खाणीला तालुक्यातल्या ग्रामसभांनी वर्षानुवर्षं विरोध केला. ज्या गावाच्या हद्दीत तो डोंगर येत नाही, त्या गावानेही ठराव केले. मी विचारलं, तुमचं गाव तर लांब आहे ना? एक काका म्हणाले, "डोंगरातून नाला निघते, नाला आमच्या बांधीत येते. लांब कसं मग?"

बुधवार, गडचिरोली

कुरखेड्याहून आरमोरी, तिथून गडचिरोली. उन्हाने बसचा पत्रा तापलेला, सांगण्यासारखं काही घडलं नाही. संध्याकाळी जिल्ह्याच्या ठिकाणी वनहक्कावर काम करणाऱ्या एका वकील ताईंकडे गेलो. गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून १९८२ मध्ये वेगळा झाला. त्याची सुमारे ७० टक्के जमीन जंगलाखाली आहे, आणि इथल्या हजाराहून अधिक ग्रामसभांना सामूहिक वनहक्क मिळाले आहेत. राज्यात एवढे हक्क दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात नाहीत.

ताई म्हणाल्या, "हक्काचं प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर लागलं की सगळ्यांना वाटतं, झालं. काम तिथून सुरू होतं." राखणीसाठी समिती नेमणं, जंगलाचा आराखडा करणं, बँकेत खातं, पॅनकार्ड, हिशेब तपासून घेणं, हे सारं ग्रामसभेनेच करायचं. बारावी झालेला एखादा मुलगा किंवा मुलगी गावात असेल तर ते उभं राहतं. तो मुलगा कामासाठी हैदराबादला गेला की वह्या थांबतात, आणि वह्या थांबल्या की ठेकेदार येतो. ताईंचं हे बोलणं मला फार महत्त्वाचं वाटतं. आपण पाळीवर जाणाऱ्या माणसाचं कौतुक करतो. हिशेब लिहिणाऱ्या पोरीकडे कुणाचं लक्ष जात नाही, आणि जंगल टिकायला ती तेवढीच लागते.

गुरुवार, मेंढा

गडचिरोली-धानोरा रस्त्यावर, धानोऱ्याच्या जरा अलीकडे लेखा लागतं आणि त्याला लागून मेंढा. आधी विचारून, होकार आल्यावरच गेलो. साधारण शंभर घरांचं गोंड गाव. कवेलूची घरं, सारवलेली अंगणं, जवळून कठाणी नदी वाहते. या गावाबद्दल इतकं लिहिलं गेलं आहे की काय नवं दिसणार असं वाटत होतं. पण इथला इतिहास त्या अंगणात बसून ऐकणं वेगळं.

१९८० च्या दशकात इंद्रावती आणि गोदावरीवरच्या भोपालपटणम, इचमपल्ली या धरणांविरुद्ध 'जंगल बचाव मानव बचाव' आंदोलन झालं. बाबा आमटे, आदिवासी नेते लालश्याम शाह यांच्याबरोबर इथले आदिवासी रस्त्यावर आले. त्यातूनच मेंढ्यात देवाजी तोफा आणि त्यांचे सोबती गावाकडे वळले. 'वृक्षमित्र' संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल गावात येऊन बसू लागले, ऐकू लागले. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा याच गावाची.

घोषणा देणं सोपं असतं. मेंढ्याने ती घोटुलच्या, म्हणजे गोंड गावातल्या तरुण मुलामुलींच्या सामायिक घराच्या, लाकडावर तपासून पाहिली. गावाने जुन्या रिवाजाप्रमाणे सागाच्या लाकडाचं घोटुल बांधलं. वनखात्याने ते बेकायदा ठरवून उतरवलं. तेव्हा आजूबाजूच्या गावांनी एकत्र येऊन ते पुन्हा उभं केलं, आणि इतर गावांनीही आपापली घोटुलं बांधली. लाकूड चोरून बाजारात नेणं आणि गावाच्या सामायिक घरासाठी ठराव करून घेणं यात फरक आहे, हे त्या गावांनी सांगितलं ते भाषणात नाही, खांब रोवून.

इथला कुठलाही निर्णय बहुमताने होत नाही, सगळ्यांची सहमती लागते. एकाचंही मन नसेल तर विषय पुढच्या सभेवर जातो. हे कसं चालतं? इतका वेळ जातो, काम अडत नाही का? हाच प्रश्न मी तिथल्या एका काकूंना विचारला. त्या म्हणाल्या, "अडते की. पन ज्याचं मन नसते ना, तोच रात्री कुऱ्हाड घेऊन जाते. म्हनून त्याचं मन होईपर्यंत बसा." जंगल राखण्याबद्दल याहून शहाणं वाक्य या प्रवासात मी दुसरं ऐकलं नाही.

२००९ मध्ये मेंढा आणि जवळच्या मर्दा या गावांना सामूहिक वनहक्क मिळाले, देशात सगळ्यांत आधी. मेंढ्याच्या वाट्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगल आलं. हक्क हातात आला, पण बांबू बाहेर न्यायचा वाहतूक परवाना वनखातं देईना. बांबूचा गठ्ठा बांधून तयार, गिऱ्हाईक तयार, आणि तो रस्त्यावर आणला की चोरीचा माल. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाणांसह गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. तेव्हापासून परवान्यावर सही ग्रामसभेची. ज्या कागदाच्या जोरावर शंभर वर्षं गावाला अडवलं, तोच कागद गावाने आपल्या हाताने फाडून गिऱ्हाइकाला द्यायचा.

दुपारी गावातल्या दोघांबरोबर रानात गेलो. साग पर्णहीन, ऐनाला तुरळक पानं, मोहाला फुलं संपता संपता तांबूस पालवी. एका बीजाच्या सालीवर जुनी खाच होती आणि त्यातून रक्तासारखा लाल डिंक ओघळून सुकला होता. बोट लावलं तर बोटाला रंग लागला नाही, कडक झाला होता. सोबतच्या भाऊंनी सांगितलं, कुणीतरी औषधासाठी खाच मारली असेल, पण खाच एका बाजूलाच आहे. चहूबाजूंनी मारली असती तर झाड वाळलं असतं आणि आम्ही विचारलं असतं. पुढे दोन बीजाची तरणी झाडं, त्यांच्याखाली पोटरीएवढी रोपटी. कोरचीच्या मावशीची नात मला तिथे आठवली.

गावाच्या कोशात प्रत्येक जण जंगलकामाच्या मजुरीतला दहावा हिस्सा टाकतो. २०१३ मध्ये गाव आणखी पुढे गेलं. १९६४ च्या ग्रामदान कायद्याखाली सगळ्यांनी आपापली शेतजमीन ग्रामसभेच्या नावे करायचं ठरवलं. जंगल गावाचं आणि शेत मात्र एकेकाचं, तर उद्या शेत विकणारा जंगलही विकायला काढेल, असा त्यामागचा विचार मला सांगण्यात आला. मी त्याच्याशी सहमत आहे की नाही, हे अजून ठरत नाही. माझ्या वडिलांची जमीन विकली गेली तेव्हा आम्हाला कुणी विचारलं नव्हतं, एवढं मात्र मनात आलं.

शुक्रवार, आलापल्ली

चामोर्शी, आष्टी करत आलापल्लीला उतरलो. भामरागडच्या रस्त्याला 'वनवैभव' नावाचा जंगलाचा एक तुकडा आहे, सुमारे सहा हेक्टरचा. २०१४ मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं जैवविविधता वारसा स्थळ म्हणून तो जाहीर झाला. इथले साग बघायला मान मागे टाकावी लागते. दोन माणसांच्या कवेत न येणारे बुंधे आहेत. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये साग गेला तो चंद्रपूर-गडचिरोलीचाच.

सुंदर आहे, पण मन फार रमलं नाही. सहा हेक्टर कुंपण घालून राखता येतात. कोरचीत पाहिलेलं रान कुंपणात मावत नाही, त्याला माणसंच लागतात.

शनिवार, पाचगाव

आष्टीवरून पुन्हा वैनगंगा ओलांडली की चंद्रपूर जिल्हा. गोंडपिपरी तालुक्यातलं पाचगाव लहानसं आहे, पण बांबूच्या हिशेबासाठी दूरदूरची गावं इथे शिकायला येतात. २०१२ मध्ये १,००६ हेक्टरचा हक्क मिळाला. गावाने बांबूची तोड स्वतः हातात घेतली आणि मजुरी व नफा दोन्ही गावातच राहू लागले.

इथे मला कोरचीच्या नेमकं उलट काहीतरी बघायला मिळालं. पाचगावने तेंदूपत्ता तोडणंच बंद केलं आहे. तोडीसाठी फांद्या छाटतात, आगी लागतात, आणि शेवटी त्या पानाची विडी होऊन माणसाच्या छातीत जाते, म्हणून नको. हातातोंडाशी आलेला पैसा गावाने सोडला. बांबूवर भागतं म्हणून सोडता आला, हेही खरं. कोरचीच्या कित्येक घरांचं वर्षाचं मीठ-मिरची तेंदूवर आहे. तिथे आग बंद करून तेंदू चालू आहे, इथे तेंदूच बंद आहे. दोन्ही ठराव ज्यांना रान माहीत आहे त्यांनीच केले. मुंबईहून एकच नियम सगळ्यांना लावला असता तर तो एकीकडे तरी मोडलाच असता.

बांबूचे कोवळे कोंब, म्हणजे वास्ते, पावसाळ्यात खायची इथे जुनी आवड. पाचगावने वास्ते काढण्यावरही बंदी घातली, कारण कोंब खाल्ला तर पुढचा बांबू नाही. आणि सुमारे ३४ हेक्टर उत्तम जंगल देवराईसारखं राखून ठेवलं, तिथे कुणी काही तोडत नाही. मी एका आजोबांना विचारलं, एवढं सोडून कसं चालतं? "वाघालेबी जागा लागन का नाही?" एवढंच म्हणाले आणि बांबूची कांबी सोलू लागले. विळ्याच्या एका चालीत हिरवी साल वेगळी, पांढरा गाभा वेगळा. जाडी दोन्ही टोकांना सारखी, बोटाला कुठे उंचवटा लागत नव्हता.

आम्ही होतो तेव्हाच शेजारच्या तालुक्यातल्या एका ग्रामसभेची सात-आठ माणसं जीपने आली. त्यांना हक्क मिळून काही वर्षं झाली होती, पण बांबू अजून विकला नव्हता. पाचगावच्या मुलांनी वह्या काढून समोर पसरल्या. किती तोडलं, कोणी तोडलं, कोणत्या गाडीत किती भरलं, परवाना क्रमांक, रक्कम कधी जमा. पाहुण्यांमधल्या एका बाईने विचारलं, व्यापारी म्हणतो आधी माल उचलू द्या, पैसे महिन्याने देतो, तर काय करावं?

"आधी पैसे ग्रामसभेच्या खात्यात, मग गाडीले चाक," पाचगावचा मुलगा म्हणाला. "आमी एकदाबी यात सूट देत नाही."

मग त्यांच्या परवान्याच्या पुस्तकाचा विषय निघाला. त्यांनी तोंडी मागितलं होतं, तोंडीच नकार मिळाला होता, कागद कुठेच नव्हता. अर्ज तिथेच लिहायचं ठरलं. माझं अक्षर बरं म्हणून पेन माझ्याकडे आलं. पाचगावचे लोक एकेक वाक्य सांगत होते, पाहुणे ते आपसांत ताडून बघत होते, मैत्रीण हक्काच्या प्रमाणपत्रावरचा क्रमांक आणि तारीख वाचून दाखवत होती. वनहक्क कायद्यातली गौण वनोपजाची व्याख्या, तिच्यात बांबूचं नाव स्पष्ट आहे, ती वर घातली. खाली ग्रामसभेचा ठराव क्रमांक. तो त्यांना आठवेना. जीपवाल्याच्या फोनवरून गावात विचारलं, तिकडून वही उघडून कुणीतरी वाचून दाखवला.

तीन प्रती झाल्या. एक वनविभागाला, एक जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीला, एक गावाच्या फायलीत. सोमवारी पाचगावचे दोघं त्यांच्याबरोबर कार्यालयात जाणार, हेही ठरलं. निघताना पाचगावच्या एका काकांनी त्या बाईला दोनदा बजावलं, साहेब चहा पाजतील, बसा म्हणतील, उद्या या म्हणतील, पण गावाच्या प्रतीवर शिक्का आणि सही मिळाल्याशिवाय खुर्चीवरून उठायचं नाही.